मसाल्याच्या डब्यातून वाइनकडे : निरनिराळ्या प्रांतांतल्या वाइन्स चाखण्याची आणि त्या शब्दांत मांडण्याची रीत

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्युरा नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथली 'व्हाँ झोन' ही पिवळी वाइन मराठी घरात वाढलेल्या कुणीही नाकाशी नेली, तर त्याला बहुधा भाजलेले मेथीदाणे आठवतील. हा निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. मेथीला तिचा ओळखीचा वास देणारं सोटोलॉन हे द्रव्य त्या वाइनमध्येही असतं. ते पिंपात वर्षानुवर्षं मुरताना तयार होतं. मिरीचा वास देणारं रोटंडोन शिराझ द्राक्षाच्या सालीत असतं. धण्यातलं लिनलूल मस्कत जातीच्या द्राक्षात असतं. म्हणजे वाइन ओळखायला लागणारा निम्मा शब्दसंग्रह आपल्या ओट्यावरच्या डब्यात आहे. ब्लॅककरंट आणि गूजबेरी पाठ करत बसायची गरज नाही. जे फळ कधी खाल्लं नाही ते वासात सापडत नाही, आणि सापडल्याचा आव आणला तर वर्णन खोटं होतं.

वास सांगितला की मात्र अर्धंच काम होतं. तो वास द्राक्षामुळे आला, हवामानामुळे आला की वाइन ज्या भांड्यात मुरली त्यामुळे आला, हा प्रश्न विचारला तरच वाइन तिच्या गावाशी जोडली जाते. खालची सगळी रीत या दोन गोष्टींवर उभी आहे.

आधी खोली, ग्लास आणि तापमान

ज्या खोलीत उदबत्ती जळते आहे किंवा शेजारी फोडणी पडते आहे, तिथे वाइन चाखू नका. अत्तर लावू नका, केसांत गजरा नको. तासभर आधीपासून पान, कॉफी, टूथपेस्ट टाळा. सकाळी अकराच्या सुमाराला, पोटात थोडं काही असताना नाक सगळ्यात तल्लख असतं. संध्याकाळी दमून बसल्यावर पिण्यात आनंद आहे, पण बारकाईनं चाखणं तेव्हा साधत नाही.

ग्लास वर निमुळता होत जाणारा हवा, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. कपाटात पालथा ठेवलेला ग्लास लाकडाचा आणि धुळीचा वास धरतो, भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास तर हमखास राहतो. म्हणून आधी रिकाम्या ग्लासचा वास घ्या. वास आला तर गरम पाण्यानं विसळा आणि थोड्या वाइननं खंगाळून ती ओतून द्या.

एका वेळी ५० मिली पुरे. ७५० मिलीच्या बाटलीत असे पंधरा घोट-वाटे निघतात. आयात शुल्कामुळे परदेशी बाटली आपल्याकडे महाग पडते, पण दहा-बारा जणांनी वर्गणी काढली की सहा प्रांतांच्या सहा बाटल्या आवाक्यात येतात. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं. त्यात दोन पूर्ण बाटल्या आणि ३७५ मिलीची एक अर्धी बाटली बसते. शेरी ही स्पेनची वाइन अर्ध्या बाटलीत मिळते, ती जागा तिला द्या.

तापमानाच्या बाबतीत पाश्चात्त्य सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे थंड देशातल्या खोलीबद्दल म्हटलेलं आहे. एप्रिलमधल्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या खोलीत लाल वाइन उकडते. मग अल्कोहोल नाकात झोंबतं, बाकीचं काही कळत नाही. लाल वाइनला १५ ते १८ अंश हवेत, त्यासाठी ती आधी फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी ८ ते १२ अंशांना. फार गार झालेल्या पांढऱ्या वाइनचा वास बंद होतो, तेव्हा फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहू द्या.

थुंकायला प्रत्येकाजवळ स्टीलचा पेला ठेवा. यात संकोच नको, जगभर जाणकार थुंकतातच. सहा वाइन्स गिळल्या तर चौथ्यानंतरची टिपणं निरुपयोगी होतात, आणि गाडी चालवून परतायचं असेल तर गिळण्याचा प्रश्नच येत नाही. मध्ये मध्ये खायला बिनमिठाच्या भाकरीचा किंवा साध्या पावाचा तुकडा असू द्या. चीज नंतर. चीजनं खराब वाइनही बरी लागते.

जीभ जुळवून घ्या

वाइन उघडण्याआधी हा सराव एकदा तरी करा. चार पेले घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिंबू पिळलेलं पाणी, तिसऱ्यात तितकंच लिंबू आणि दोन चमचे साखर, चौथ्यात कडक उकळून गार केलेला कोरा चहा.

लिंबाच्या पाण्यानंतर गालांच्या आतून लाळ सुटते. वाइनमधला आंबटपणा जिभेवरच्या चवीपेक्षा या लाळेवरून मोजायचा. घोट थुंकल्यावर तोंड किती वेळ पाणावत राहतं ते पाहा. साखरेच्या पेल्यात लिंबू तितकंच आहे, पण आंबट कमी वाटतं. साखर आंबटपणा झाकते, तो घालवत नाही. लाळ तरीही सुटतेच. हा एक धडा नीट बसला तर जर्मनीच्या गोडसर वाइन्सनी तुमची फसगत होणार नाही.

कोऱ्या चहानं हिरड्या आवळतात, जीभ खरखरीत होते. हा तुरटपणा, वाइनच्या भाषेत टॅनिन. कारल्याचा कडूपणा ही चव आहे, तुरटपणा हा स्पर्श आहे. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना बांधून ठेवतं, त्यामुळे तोंडातला बुळबुळीतपणा जातो. हिरड्यांना बारीक रेशमी ओढ लागते की जाडसर खरखर, हेही टिपून ठेवायचं.

आता चिमूटभर जिरं घ्या, नाक घट्ट दाबा आणि ते चावा. थोडा कडसरपणा सोडला तर काहीच कळणार नाही. नाक सोडून श्वास बाहेर टाका, जिरं एकदम उमलेल. आपण ज्याला 'चव' म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात गेलेला वास असतो. म्हणून वाइनचा घोट तोंडात असताना नाकातून श्वास सोडायला शिका.

नाकाची तालीम

लहान वाट्यांत मिरी, धणे, मेथी, लवंग, वेलदोडा, ओलं खोबरं, लोणी, पिकलेला पेरू आणि ढोबळी मिरचीचा तुकडा ठेवा. डोळे मिटा, घरातल्या कुणाला तरी एकेक वाटी नाकाशी धरायला सांगा. रोज हाताळलेल्या जिनसांची नावंही पटकन आठवत नाहीत याचं पहिल्या दिवशी आश्चर्य वाटेल. नाक चांगलं असतं, पण वास आणि नाव यांची गाठ मारलेली नसते. ती मारायला रोज पाच मिनिटं, आठवडाभर, एवढं पुरतं.

ही यादी उगाच केलेली नाही. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या पिंपातून वाइनमध्ये उतरतं. खोबऱ्याचा वासही ओकमधूनच येतो, आणि अमेरिकन ओकमध्ये तो फ्रेंच ओकपेक्षा अधिक ठसठशीत असतो. लोण्याचा वास डायअसेटिलचा. द्राक्षातलं उग्र मॅलिक आम्ल जिवाणूंनी मऊ लॅक्टिक आम्लात बदलताना ते तयार होतं. ढोबळी मिरचीतलं पायराझीन काबेर्ने आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षांतही असतं, आणि फळ पुरतं पिकलं नसेल तर जास्तच जाणवतं. पेरूतली गंधकयुक्त सुगंधी द्रव्यं सोव्हिन्याँ ब्लाँमध्येही सापडतात. वेलदोड्यातलं सिनिओल निलगिरीतही असतं. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांशेजारच्या मळ्यातल्या लाल वाइनमध्ये तो गार, औषधी वास उतरतो.

मिरीची गोष्ट मला सर्वांत आवडते. शिराझमध्ये मिरीचा वास येतो हे लोक फार आधीपासून म्हणत होते, पण त्यामागचं रोटंडोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शोधून काढलं. त्याच अभ्यासात सुमारे पाचातल्या एका माणसाला ते द्रव्य भरपूर असूनही जाणवलं नाही. तेव्हा शेजारचा 'मिरी, मिरी' म्हणत असेल आणि तुम्हाला काहीच लागत नसेल, तर दोघंही बरोबर असू शकता. टिपणात तुमचं नाक लिहा, शेजाऱ्याचं नको.

ग्लास हातात आल्यावर

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून पाहा. पांढरी वाइन वयानुसार गडद होते, लाल फिकट होत विटकरी झाक धरते. ग्लासच्या आत उतरणारे ओघळ पाहून लोक वाइनचा दर्जा सांगतात, ते सोडून द्या. त्यात अल्कोहोलच्या प्रमाणापलीकडे फारसं काही नसतं.

ग्लास न हलवता पहिला वास घ्या. त्या क्षणी जे आलं ते लिहा, कितीही वेडगळ वाटलं तरी. मग ग्लास टेबलावर टेकवून गोल फिरवा आणि दोन-तीन छोटे हुंगे घ्या. लांब श्वास ओढत राहिलात तर नाक थकतं. थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि पुन्हा या.

याच टप्प्यावर दोष तपासायचा. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा कुबट वास आला, फळ गायब असलं, तर बुचातून आलेला टीसीए हा दोष समजा. तो हवेनं जात नाही. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका असेल तर जिवाणूंनी वाइन आंबवायला घेतली आहे. सडक्या अंड्याचा वास मात्र बऱ्याचदा ग्लास जोरात फिरवल्यावर उडून जातो, त्याला पाच मिनिटं द्या. आपल्या हवामानातला एक वेगळा धोका म्हणजे उन्हात किंवा पोटमाळ्यावर तापलेली बाटली. बूच थोडं वर आलेलं असतं आणि फळाऐवजी शिजवलेल्या मोरांब्याचा वास येतो.

मग घोट. तोंडभर फिरवा, थुंका, आणि मनात सेकंद मोजा. चव पाच सेकंदांत संपली तर साधी वाइन, पंधरा-वीस सेकंद रेंगाळली तर तिच्याकडे नीट लक्ष द्या.

लिहिताना क्रम उलटा ठेवा. बहुतेक जण फळांच्या याद्यांनी सुरुवात करतात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पहिल्या वाक्यात सांगाडा हवा : गोड की कोरडी, आंबटपणा किती, तुरटपणा किती, अल्कोहोलची ऊब घशात किती, तोंडात हलकी की भारी. दुसऱ्या वाक्यात तीन वास, फार तर चार. तिसऱ्यात कारण. 'छान', 'स्मूद', 'प्रीमियम' हे शब्द वर्ज्य करा. गुणही देऊ नका असं मी सांगेन. शंभरपैकी ब्याण्णव म्हटल्यानं वाइन कशी लागली ते कुणालाच कळत नाही.

जोडीनं चाखा

एकटी वाइन चाखून फार थोडं शिकता येतं. दोन ग्लास शेजारी ठेवले की जीभ आपोआप तुलना करते. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, कोणती कुठली ते एकालाच माहीत असू द्या. खालच्या जोड्या मुद्दाम अशा लावल्या आहेत की प्रत्येक जोडीत एकच गोष्ट ठळकपणे वेगळी निघेल.

*नाशिकची शेनिन ब्लाँ आणि फ्रान्सची वूव्रे.* द्राक्ष एकच, शेनिन. नाशिकच्या पट्ट्यात वेलाला हिवाळी झोप नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च या काळात काढणी. म्हणजे द्राक्ष थंडीत वाढतं आणि ऊन तापत जाताना पिकतं. साखर भराभर चढते, आम्ल भराभर उतरतं, म्हणून बागायतदार घड लवकर आणि पहाटे उतरवतात. लुआर नदीकाठच्या वूव्रेत तेच द्राक्ष शरद ऋतूतल्या गारव्यात सावकाश पिकतं आणि आम्ल धरून ठेवतं. नाशिकच्या ग्लासात पिकलेला पेरू, अननस, मऊसर आंबटपणा आणि बऱ्याचदा किंचित गोडी मिळेल. वूव्रेत लाळ थांबत नाही. वासात मध, आंबटगोड सफरचंद, आणि एक गोष्ट जी पाश्चात्त्य लोक 'ओली लोकर' म्हणून लिहितात. पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना ती लगेच सापडेल. वूव्रे कोरडीही असते, गोडही असते, बाटलीवर 'सेक' लिहिलेली कोरडी घ्या. ती मिळाली नाही तर दक्षिण आफ्रिकेची शेनिन चालेल. तिथे या द्राक्षाची लागवड इतर कोणत्याही जातीपेक्षा जास्त आहे.

*मोझेलची रीसलिंग आणि सँटोरिनीची असिर्तिको.* ही जोडी आंबटपणाची. मोझेल नदीच्या काठावरचे मळे इतके उभे आहेत की बरंच काम हातानंच करावं लागतं. जमीन स्लेट दगडाची. 'काबिनेट' लिहिलेली बाटली घ्या. अल्कोहोल बहुतेकदा ८-९ टक्केच, थोडी साखर उरलेली, आणि खाली धारदार आम्ल. लिंबू-साखरेचा पेला आठवा. सँटोरिनी हे ग्रीसचं ज्वालामुखी बेट. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून तिथे वेल जमिनीलगत टोपलीसारखे वळवतात आणि घड आत वाढवतात. तिथली असिर्तिको पूर्ण कोरडी, अल्कोहोल चढं, आम्ल तितकंच तिखट, आणि शेवटी जिभेवर खारटपणा. दोन्ही वाइन्सचे सांगाडे लिहा, एकाच गुणाची दोन रूपं दिसतील.

जुन्या रीसलिंगमध्ये रॉकेलचा वास येतो. घाबरू नका, तो टीडीएन नावाच्या द्रव्याचा. भरपूर ऊन खाल्लेल्या आणि बाटलीत मुरलेल्या रीसलिंगची ती ओळखच आहे. इथेच 'मिनरल' या शब्दाबद्दल सांगतो. स्लेट किंवा राख मुळांतून वर चढून ग्लासात उतरत नाही. स्लेट दिवसा ऊन शोषते, रात्री ऊब देते, पाणी साठू देत नाही. तिचा परिणाम द्राक्ष पिकण्यावर होतो. त्यामुळे 'मिनरल' लिहिण्याऐवजी नेमकं काय जाणवलं ते लिहा : खारट, ओल्या फरशीचा वास, नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास.

*शेरी आणि व्हाँ झोन.* माझ्या मते या लेखातली सर्वांत श्रीमंत जोडी हीच. दोन्ही वाइन्स पिंपात यीस्टच्या पांढरट सायीखाली मुरतात. स्पेनच्या दक्षिणेला हेरेझ, सानलुकार आणि एल पुएर्तो या गावांच्या परिसरात पालोमिनो द्राक्षाची वाइन करून तिला १५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोलची जोड देतात आणि पिंप पूर्ण न भरता ठेवतात. पृष्ठभागावर 'फ्लोर' नावाची साय धरते. ती वाइनला हवेपासून वाचवते, तिच्यातलं ग्लिसरीन खाऊन टाकते आणि असिटाल्डिहाइड तयार करते. म्हणून 'फिनो' शेरी हाडासारखी कोरडी लागते, तोंडात हलकी, आणि वासात कापून ठेवलेलं हिरवं सफरचंद, कच्चे बदाम, आंबोळीचं फुगलेलं पीठ. सानलुकार समुद्रकाठी आहे. तिथल्या 'मान्सानिया' शेरीत खारटपणा आणखी स्पष्ट असतो. पिंपांच्या रांगांमध्ये जुन्या वाइनमधून थोडी काढून तिथे जरा कमी जुनी भरत जातात, त्यामुळे सायीला सतत नवं खाद्य मिळतं आणि ती जिवंत राहते.

ज्युरामध्ये वरून अल्कोहोल घालत नाहीत. सावान्याँ द्राक्षाची वाइन पिंपात भरली की तिला कापणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत तिथेच ठेवतात. उडून गेलेली वाइन भरून काढत नाहीत. एका लिटरमागे सुमारे ६२ सेंटिलिटर उरते असं मानतात, आणि व्हाँ झोनची 'क्लाव्हलँ' नावाची बुटकी बाटली नेमकी तेवढ्याच मापाची असते. नवी भर नाही, साय हळूहळू विरळ होत जाते, आणि त्या लांब काळात सोटोलॉन साचतं. अतिशय कमी प्रमाणातही नाकाला ते कळतं. बाळंतिणीसाठी केलेले मेथीचे लाडू खाल्ल्यावर घामाला जो गोडसर वास येतो, तोही याच द्रव्याचा.

दोन्ही ग्लास शेजारी ठेवा. फिनो ८ अंशांना, व्हाँ झोन १४-१५ अंशांना आणि काही तास आधी उघडलेली. दोघींत सफरचंद आणि बदाम-अक्रोड सापडतील, पण मेथी एकीतच ठळक असेल. तिसरा ग्लास शक्य असेल तर 'अमोंतियादो' शेरीचा ठेवा. ती आधी सायीखाली आणि मग उघड्या हवेत मुरलेली असते, म्हणून तिच्यात खमंग अक्रोड आणि मेथीची झाक पुढे येते. माझं टिपण असं होईल : 'पूर्ण कोरडी, आंबटपणा चढा, तोंडात भरीव, चव मिनिटभर टिकते. भाजलेली मेथी, अक्रोडाची साल, जुनं मध. सायीखाली वर्षानुवर्षं न भरलेल्या पिंपाची वाइन.' यासोबत ज्युराचंच कोंते चीज खाल्लं जातं, आणि ते मिळालं तर चाखणं संपल्यावर जरूर खा.

*जॉर्जियाची रकात्सितेली आणि इटलीची नेबियोलो.* इथे डोळ्यांवर विसंबायचं नाही. दोन्ही वाइन्स १५ अंशांच्या आसपास आणा, स्टीलच्या पेल्यात ओता, म्हणजे रंग दिसणार नाही, आणि लाल कोणती ते ओळखा.

जॉर्जियाच्या काखेती भागात रकात्सितेली हे पांढरं द्राक्ष साल, बिया आणि देठांसकट 'क्वेव्री' नावाच्या मातीच्या रांजणात घालतात. रांजण आतून मेणानं सारवलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. पाच-सहा महिने द्रव आणि साल एकत्र राहतात. आधुनिक पांढऱ्या वाइनमध्ये साल आंबण्यापूर्वीच वेगळी करतात, त्यामुळे तिच्यात तुरटपणा जवळजवळ नसतो. इथे तो सालीतून आणि देठांतून उतरतो, आणि वाइनचा रंग गडद मधाचा होतो. ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. जॉर्जियातल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या द्राक्षवाइनचे अंश सापडल्याचं संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

नेबियोलो हे इटलीच्या पिडमाँटमधलं द्राक्ष, तिथली बारोलो ही वाइन याचीच. नियमानुसार बारोलो विक्रीला येण्याआधी किमान ३८ महिने मुरते, त्यातले १८ लाकडात. ती महाग वाटली तर 'लांगे नेबियोलो' घ्या. रंग इतका फिकट की कुणालाही हलकी वाटावी, आणि टॅनिन मात्र हिरड्यांना पकडून ठेवणारं. वासात सुकलेला गुलाब आणि डांबर, दोन्ही एकत्र.

रकात्सितेलीत कोरा चहा, जर्दाळू, संत्र्याची वाळलेली साल, अक्रोड सापडतील. तुरटपणा दोघींत आहे, पण तो वेगळा जाणवतो. माझ्या जिभेला रकात्सितेलीचा तुरटपणा मधोमध जाडसर लागतो, नेबियोलोचा पुढच्या हिरड्यांवर बारीक आणि लांब. तुम्हाला उलट वाटलं तर तसं लिहा, पण कुठे आणि कसा हे लिहाच. या दोन्ही वाइन्स नुसत्या पिण्यापेक्षा जेवणासोबत खुलतात. रकात्सितेली मटणाच्या सुक्यासोबतही टिकून राहते, ते बहुतेक पांढऱ्या वाइन्सना जमत नाही.

*शिराझच्या दोन तऱ्हा.* नाशिकची एक आणि फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली क्रोझ-एर्मिताजसारखी एक. रोटंडोन थंड जागी जास्त साचतं, म्हणून ऱ्होनच्या ग्लासात मिरी, ऑलिव्ह, धुराचा वास पुढे असतो. नाशिकच्या ग्लासात पिकलेलं जांभूळ, करवंद आणि ओक वापरला असेल तर लवंग. मिरी दोन्हीत शोधा. अल्कोहोलची ऊब घशात कुठवर जाते तेही पाहा.

गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक जोडी. तिथे 'पोर्ट' म्हणून मिळणारी गोड लाल वाइन आणि पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली खरी पोर्ट शेजारी ठेवा. डोरूमध्ये आंबणं अर्ध्यावर असताना द्राक्षाचं स्पिरिट घालून थांबवतात, त्यामुळे द्राक्षाचीच साखर उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. गोडी सारखीच वाटली तरी टॅनिन, वजन आणि चव किती वेळ टिकते यांत फरक मोठा आहे.

उरलेल्या बाटल्या

सहा बाटल्या उघडल्या की काही ना काही उरतंच. बूच लावून सगळ्या, लालसुद्धा, फ्रीजमध्ये उभ्या ठेवा. शेनिन आणि असिर्तिको दोन-तीन दिवसांत संपवा. मोझेलची रीसलिंग आम्ल आणि साखरेच्या जोरावर त्याहून थोडी जास्त टिकते. नेबियोलो दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोकळी लागते, म्हणून तिचा एक घोट मुद्दाम राखून ठेवा आणि टिपणाखाली तारखेसह दुसरं टिपण लिहा. रकात्सितेलीला चार-पाच दिवसही बाधत नाहीत. फिनो मात्र नाजूक आहे. साय गेली, हवा लागली की ती आठवड्याभरात ताजेपणा गमावते. व्हाँ झोन सहा वर्षं हवेच्या सहवासात मुरलेली असल्यानं काही आठवडे तशीच राहते. तिच्यातली मेथी नाकाला नीट ओळखीची होईपर्यंत रोज एक हुंगा घ्यायला ती पुरते.